पंचायतीपर्यंत आलेलं नेट घरी का येत नाही?

हा भाग मोबाइलवरच ऐकताय किंवा वाचताय ना? मग आधी स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात रेंजच्या काड्या किती आहेत ते बघा. गावाकडे असाल तर न बघताही उत्तर पाठ असेल. ओट्यावर दोन काड्या, माजघरात शून्य, आणि व्हिडिओ कॉल करायचा असला तर टेकाडावरचा तो एक दगड. तिथे आधीच दोघं बसलेले असतात.

आज विषय आहे गावातल्या घरात बिनतारी इंटरनेट कसं आलं त्याचा इतिहास. खरं तर कसं आलं यापेक्षा कुठे अडलं, हा भाग जास्त ऐकण्यासारखा आहे. कारण बघा, आज महाराष्ट्रात कितीतरी ग्रामपंचायतींच्या ऑफिसपर्यंत फायबर येऊन पोचली आहे. भिंतीवर पेटी आहे, कधीकधी पेटीवर हिरवा दिवाही आहे. आणि तिथून दोन-तीन किलोमीटरवरच्या वाडीत २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पोरं झाडावर चढून, डोंगरावर झोपडी बांधून ऑनलाइन तास करत होती. म्हणजे नेट शेकडो किलोमीटर आलं आणि शेवटच्या दोन किलोमीटरला दमलं. हे कसं काय?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो, मग गोष्ट सांगतो. हे दोन किलोमीटर ओलांडायचं तंत्र आपल्याकडे वीस वर्षांपूर्वीच होतं, आणि बरंचसं इथंच तयार झालेलं होतं. नव्हती ती हवा वापरायची परवानगी. आणि परवानगी मिळाली तिथे खांबावर चढणारा माणूस नव्हता.

सुरुवात १५ ऑगस्ट १९९५ पासून करू. त्या दिवशी विदेश संचार निगम, म्हणजे व्हीएसएनएलने, भारतात सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. मुंबई, दिल्ली अशी मोजकी शहरं, आणि वेग सेकंदाला ९.६ किलोबिट. आज व्हॉट्सॲपवर येणारा एक साधा फोटो त्या वेगाने उतरवायला दीड-दोन मिनिटं लागली असती. गावाचा तर प्रश्नच नव्हता. नेट फोनच्या तारेतून यायचं, आणि तार म्हणजे गावातला एक एसटीडी बूथ. पाऊस पडला की तोही बंद.

तरीही तीनच वर्षांनी कोल्हापूर जिल्ह्यात एक धाडसी गोष्ट घडली. वारणानगर माहीत असेलच. तात्यासाहेब कोरे यांनी उभा केलेला साखर कारखाना, दूध, बझार, सगळं सहकारी. १९९८ मध्ये केंद्र सरकारच्या पुढाकाराने तिथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर-सांगलीतली सुमारे ७० गावं, प्रत्येक गावात कॉम्प्युटर असलेलं एक केंद्र. स्वप्न मोठं होतं. पिकाचा सल्ला, बाजारभाव, सरकारी कागद, सगळं गावातच मिळणार होतं.

प्रत्यक्षात शेतकरी तिथे काय विचारायला यायचे? माझा ऊस किती टन भरला, तोड कधी, खताचे किती पैसे कापले. बस्स. म्हणजे लाखो रुपयांची यंत्रणा प्रामुख्याने उसाच्या पावतीसाठी वापरली गेली. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. आपलं वजन बरोबर मांडलंय का, ही शेतकऱ्याची सगळ्यात मोठी चिंता असते, आणि ती त्याने नेमकी कॉम्प्युटरला विचारली. पण कॉम्प्युटर बिघडायचे, जुने व्हायचे, वीज जायची. मग २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूच्या संशोधकांनी तिथल्या ७ गावांत उलटा प्रयोग केला. गावातला कॉम्प्युटर काढा, शेतकऱ्याने साध्या मोबाइलवरून एसएमएस करावा, कारखान्यातल्या यंत्राने एसएमएसनेच उत्तर द्यावं. चाललं की! प्रयोगाचं नावच होतं ‘वारणा अनवायर्ड’. तार काढून टाकलेली वारणा. भारतातल्या खेड्याला तारेपेक्षा हवा जवळची आहे, हे त्या एका नावात आलं.

हवेचं म्हणाल तर चेन्नईत तोवर बरंच काम झालं होतं. आयआयटी मद्रासचे प्रा. अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्डेक्ट नावाचं तंत्र उभं केलं. गावात खड्डे खणून तांब्याची तार टाकणं परवडत नाही, म्हणून तालुक्याच्या ठिकाणी एक टॉवर, आणि १० किलोमीटरच्या आतल्या गावात घराच्या छपरावर छोटी अँटेना. फोनही चालायचा आणि त्याच वेळी ३५ किंवा ७० किलोबिटचं नेटही. आज हा वेग ऐकून हसाल, पण त्या काळात शहरातली डायल-अप लाइनही याच्याच आसपास रखडत असे. यावर खेड्यात नेट-केंद्रं चालवणारी कंपनीही निघाली. बरीच केंद्रं पुढे बंद पडली, आणि मोबाइलच्या लाटेत हे तंत्रच मागे राहिलं. पण छपरावर अँटेना आणि लांब टॉवर हा नकाशा लक्षात ठेवा, तो शेवटी परत येणार आहे.

आता परवानगीची गोष्ट. ही जरा कायद्याची आहे, पण ऐका, कारण अख्खं घोडं इथेच अडलंय.

आपल्याकडे १९३३ चा एक कायदा होता, इंग्रजांच्या काळातला, इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्ट. त्यानुसार बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही लायसन्स लागायचं. घरात आजी-आजोबा असतील तर विचारा, साध्या रेडिओसाठीही पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरून लायसन्सच्या पुस्तिकेत नोंद करून घ्यावी लागायची. ऐकायच्या रेडिओची ही कथा, मग लहरी सोडणाऱ्या यंत्राचं काय असेल! आज घरोघरी असलेला वायफाय राउटर हे कायद्याच्या भाषेत प्रक्षेपण करणारं यंत्र आहे. म्हणजे छोटं आकाशवाणी केंद्रच समजा.

जानेवारी २००५ मध्ये सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लायसन्समुक्त केला, घराबाहेरही. अट इतकीच की अँटेनाचा जोर धरून ताकद ४ वॅटच्या आत हवी. आपल्या घरातला एलईडी बल्बसुद्धा ९ वॅटचा असतो. पण अँटेना नीट रोखली आणि मध्ये काही आडवं आलं नाही, तर तेवढ्या ताकदीतही काही किलोमीटर जाता येतं. आयआयटी कानपूरच्या मंडळींनी तर गंगेच्या सपाट मैदानात उंच टॉवर वापरून साध्या वायफायच्या तंत्रावर ३५ किलोमीटरहून लांब जोडण्या करून दाखवल्या होत्या.

या एका आदेशाने काय होतं ते बघा. आदेश जानेवारीचा, आणि फेब्रुवारी २००५ मध्ये हिमाचलातल्या धरमशालेत डोंगरावरच्या संस्थांना जोडणारं वायफायचं जाळं सुरू झालं. महिना संपेपर्यंत ८ ठिकाणं जोडलीसुद्धा. बाजारात मिळणारे घरगुती राउटर, त्यात बदललेलं सॉफ्टवेअर, पावसापासून वाचवायला पेटी. त्यांची मोठी डोकेदुखी कोणती होती? माकडं. अँटेनाला लटकायची. परवानगीचा प्रश्न सुटल्यावर उरतात ते असे प्रश्न, आणि ते गावातली माणसं सोडवतात.

मात्र सरकारने दार अर्धंच उघडलं होतं. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा तेव्हा मुख्यतः घराच्या, ऑफिसच्या आतच वापरायला मोकळा झाला. बाहेर खांबावर लावून दोन गावं जोडायची तर त्याची फक्त छोटीशी पट्टी. हा पट्टा घराबाहेर मोठ्या प्रमाणात मोकळा व्हायला ऑक्टोबर २०१८ उजाडलं. तेरा वर्षं! २००५ साली पहिलीत गेलेलं मूल तोवर कॉलेजात पोचलं.

मधल्या काळात आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी नेट आलं ते मोबाइलमधून. आधी टूजी, मग २००९ च्या सुमारास बीएसएनएलचं थ्रीजी, लॅपटॉपला लावायचे डोंगल, आणि सप्टेंबर २०१६ ला जिओ. हा भाग तुम्ही जगलायत, म्हणून लांबण लावत नाही. एवढंच सांगतो की मोबाइल टॉवर कुठे उभा राहतो हे गणित ग्राहकांच्या संख्येवर ठरतं. तीनशे उंबऱ्यांच्या गावाला टॉवर मिळतो. डोंगराआडच्या तीस उंबऱ्यांच्या पाड्याला त्या टॉवरचा उरलासुरला सिग्नल. आपला तो दगड इथूनच जन्माला आला.

आणि म्हणून आता पालघरला जाऊ या. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण मुंबईपासून शंभरेक किलोमीटरवर घडलं, आणि महाराष्ट्रातच फार कमी लोकांना ते माहीत आहे.

तुम्ही छपरावरची टीव्हीची जुनी अँटेना पाहिली असेल, ॲल्युमिनियमच्या काड्यांची. एक जण छपरावर जाऊन फिरवणार, दुसरा खालून ओरडणार, ‘आलं, आलं... गेलं!’ दूरदर्शनचं चित्र ज्या लहरींवर यायचं, त्यातला एक पट्टा म्हणजे ४७० ते ५९० मेगाहर्ट्झ. त्यात ८ मेगाहर्ट्झची एक अशी १५ चॅनेलं बसतात. अमेरिकेत अशा चॅनेलांवर खूप केंद्रं गर्दी करून असतात. आपल्याकडे जमिनीवरून प्रक्षेपण करणारं एकटं दूरदर्शन. मग बाकीची चॅनेलं?

रिकामी. आयआयटी मुंबईचे प्रा. अभय करंदीकर आणि सहकाऱ्यांनी २०१४ च्या सुमारास देशभरातल्या दूरदर्शनच्या मनोऱ्यांचा हिशेब मांडला. जवळजवळ सगळीकडे १५ पैकी किमान १२ चॅनेलं मोकळी निघाली, आणि निम्म्याहून जास्त ठिकाणी तर १५ च्या १५. या रिकाम्या जागेला टीव्ही व्हाइट स्पेस म्हणतात. सोप्या मराठीत, टीव्हीच्या वावरातली पडीक जमीन.

ही जमीन इतकी मोलाची का? तर लहरींच्या लांबीमुळे. ५.८ गिगाहर्ट्झची लहर साधारण ५ सेंटिमीटरची असते. तिच्या वाटेत पानं आली की ती अडखळते, ओली पानं आली की आणखी. उन्हाळ्यात लावलेली जोडणी पावसाळ्यात झाडं फुटल्यावर बंद पडते, हे असलं काम केलेल्या कोणालाही माहीत असतं. शिवाय दोन अँटेना एकमेकींना नुसत्या दिसून भागत नाही. ५ किलोमीटरच्या अंतरात, मधोमध, त्या सरळ रेषेभोवती चहूबाजूंनी ८ मीटरच्या आसपास जागा बऱ्यापैकी मोकळी लागते. म्हणजे दोन्हीकडे उंच टॉवर, आणि खर्चाचा मोठा वाटा टॉवरचाच. टीव्हीच्या पट्ट्यातली लहर मात्र अर्ध्या मीटरहून लांब. ती झाडीतून बरीच पार जाते, उंचवट्याला थोडी वळसा घालते. छपरावरच्या छोट्या खांबावरही काम भागतं.

पालघर म्हणजे झाडी, टेकड्या, नद्या आणि विखुरलेले पाडे. २०१४ पर्यंत हा ठाणे जिल्ह्याचाच भाग होता. आयआयटीच्या गटाने तिथल्या खामलोली, बहाडोली, धुकटण अशा ७ गावांत चाचणी केली. (बहाडोली म्हणजे तेच, जांभळांचं. त्या जांभळाला आता जीआय मानांकनही मिळालंय.) एका टॉवरवरून टीव्हीच्या पट्ट्यात सिग्नल सोडायचा, गावात काड्यांच्या अँटेनाने तो धरायचा, आणि तिथे साधा वायफाय राउटर लावायचा. फोन टीव्हीच्या लहरी पकडू शकत नाही ना, म्हणून मधला राउटर. लांबचा पल्ला टीव्हीच्या लहरींचा, शेवटचे शंभर मीटर वायफायचे. तंत्र म्हणून ते चाललं.

मग आज आपल्या पाड्यावर ते का नाही?

कारण लायसन्स फक्त चाचणीचं होतं. अमेरिकेने असा वापर २००८ मध्येच तत्त्वतः मान्य केला होता. आपल्याकडे हा पट्टा वायफायसारखा सगळ्यांसाठी मोकळा झाला नाही. मोबाइल कंपन्यांचं म्हणणं होतं की आम्ही स्पेक्ट्रमसाठी हजारो कोटी मोजतो, मग दुसऱ्यांना फुकट कसा? आक्षेप अगदीच पोकळ नाही. आणि काळही बघा. फेब्रुवारी २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने टूजी प्रकरणात १२२ लायसन्स रद्द केली होती. त्यानंतर लिलावाशिवाय स्पेक्ट्रम द्यायचा म्हटलं की दिल्लीतल्या फाइलवर सही करणाऱ्याचा हात थरथरणारच, असं मला वाटतं. पण यात एक गफलत झाली. एका कंपनीला फुकट देणं आणि कोणालाही न देता सगळ्यांना वापरू देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत घोटाळ्याची भीती असते. दुसरी म्हणजे गायरान. बरं, गायरान नाही म्हणून त्या बाजूचा स्पेक्ट्रम विकला तरी गेला का? टीव्हीच्या पट्ट्याला जवळचा ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात मांडला, तर एकाही कंपनीने बोली लावली नाही.

आयआयटीवाले मात्र थांबले नाहीत. त्यांच्या प्रकल्पाचं नाव ग्राममार्ग. टीव्हीचा पट्टा मिळत नाही म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्या टप्प्यात ५.८ गिगाहर्ट्झची लायसन्समुक्त पट्टी घेतली आणि पालघरमधली २५ गावं जोडली. २०१७ मध्ये मोझिलाने, म्हणजे फायरफॉक्सवाल्यांनी, घेतलेल्या जागतिक स्पर्धेत ग्राममार्गला पहिलं बक्षीस मिळालं, सव्वा लाख डॉलर. पण बक्षिसापेक्षा मला त्यांच्या पैशांच्या मांडणीत जास्त रस आहे. सरकार आणि खासगी कंपनी यांच्या जोडीला त्यांनी तिसरा भागीदार घेतला, ग्रामपंचायत. पंचायतीने नेटवर्कमध्ये रस घ्यायचा आणि गावातल्याच तरुणाने ते चालवायचं. राउटर बंद पडला तर तालुक्याहून माणूस येण्याची वाट बघायची नाही.

सरकारच्या मोठ्या योजनेत नेमकी हीच जागा बराच काळ रिकामी होती. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडायचं ठरवलं. तीच योजना पुढे भारतनेट झाली. पहिल्या लाखभर पंचायतींचा टप्पा पूर्ण व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. फायबर पंचायतीच्या दारात आली, पण दारातून पाड्यावर कोण नेणार, बिल कोण भरणार, रस्ता रुंद करताना जेसीबीने केबल तोडली तर कोण सांधणार, याची जबाबदारी नक्की नव्हती. पंचायतीचं वीजबिल थकलं की पेटीचा हिरवा दिवाही विझायचा. ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने सुमारे १ लाख ३९ हजार कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला, आणि त्यात घराघरांत जोडणी देण्यासाठी गावातला उद्योजक आणि निम्म्या-निम्म्या कमाईची वाटणी आली. पालघरच्या मांडणीशी याचं साम्य तुम्हालाही दिसलं असेल.

आणि २०२३ मध्येच आणखी एक गोष्ट बाजारात आली, ज्याच्या जाहिराती तुम्ही यूट्यूबवर स्किप केल्या असतील. एअरफायबर. छपरावर किंवा गॅलरीत छोटा डबा, तो टॉवरकडे रोखलेला, आणि घरात वायफाय. ओळखीचा वाटतोय ना नकाशा? कॉर्डेक्टचाच, फक्त ७० किलोबिटच्या जागी शेकडो मेगाबिट. गंमत पुढे आहे. ज्यांनी स्पेक्ट्रमसाठी हजारो कोटी मोजले, त्यातल्या जिओने आपल्या एअरफायबरच्या बऱ्याच जोडण्या लायसन्समुक्त ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर दिल्या आहेत. २०१८ मध्ये उघडलेलं ते गायरान आता मोठ्या कंपनीलाही उपयोगी पडतंय. हरकत काहीच नाही, गायरान सगळ्यांचंच. पण तिथे चरायचा हक्क तुमच्या गावातल्या केबलवाल्याला, बचत गटाला आणि पंचायतीलाही तितकाच आहे. नेट विकायचं तर दूरसंचार खात्याचं इंटरनेट सेवेचं लायसन्स लागतं, किंवा लायसन्स असलेल्याशी जोडून घ्यावं लागतं. हवेसाठी मात्र या पट्ट्यात वेगळं काही मागावं लागत नाही.

तर पुढच्या ग्रामसभेला गावी असाल तर एवढं विचारून या. आपल्या पंचायतीतली भारतनेटची पेटी चालू आहे का, ती बॅटरीवर किती तास टिकते, आणि पाण्याच्या टाकीवरून आपली वाडी दिसते का. शेवटचं ग्रामसेवकांना विचारू नका. स्वतः टाकीखाली जाऊन बघा, आणि शक्यतो पावसाळ्यात, झाडं भरलेली असताना.

पुढच्या भागात भेटू. तोवर त्या दगडावर जागा मिळाली तर हा भाग डाउनलोड करून ठेवा.